पन्नास सह्यांची अट

मित्रहो, 2 एप्रिल 1870 रोजी आपल्या या पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होतं पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वतीवरच्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दलच्या तक्रारींचं. पुढाकार गणेश वासुदेव जोशींचा. पुणेकर त्यांना पुढे सार्वजनिक काका म्हणू लागले. सभेच्या नियमांतली एक अट मला फार मोलाची वाटते. सभासद व्हायचं, तर किमान 50 सज्ञान माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र, म्हणजे ‘आमच्या वतीनं बोला’ असा अधिकार देणारा कागद, आणायचं. ‘आम्ही पुणेकर’ म्हणायच्या आधी पन्नास जणांसमोर उभं राहायचं, आपलं म्हणणं पटवायचं. सुरुवातीच्या 95 सभासदांच्या मागे सुमारे 6000 लोकांची मुखत्यारपत्रं होती. सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पुढे 1876 च्या दुष्काळात सभेची माणसं गावोगाव गेली, तिथली हकिकत गोळा करून सरकारपुढे ठेवली. सरकारी आकड्यांना उत्तर द्यायचं तर आपल्या हातात आपले आकडे हवेत, हे त्यांना कळलं होतं.

पण सभेत पुढे कोण होते? मुख्यतः शिकलेले, इनामदार, सावकार. 24 सप्टेंबर 1873 रोजी याच शहरात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. सभेच्या ‘सार्वजनिक’ असण्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते योग्यच होतं. कागदावर कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे आधी पाहावं, ही नजर मी त्यांच्याकडून घेतली.

तीच नजर मला पुढे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत, म्हणजे कचरावेचकांच्या संघटनेत, दिसते. 1993 मध्ये डॉ. बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली ती उभी राहिली. कचराकुंडीत हात घालणाऱ्या बायकांकडे तोवर लोक चोर म्हणून पाहायचे. त्यांची पहिली मागणी पैशाची नव्हती. त्यांना ओळखपत्र हवं होतं. ते गळ्यात असलं की हटकणाऱ्याला दाखवता येतं, ‘मी काम करते’ असं ताठ मानेनं सांगता येतं. महापालिकेनं त्या ओळखपत्राला मान्यता दिली. पुढे याच बायकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेचा करार झाला आणि त्या घरोघरी कचरा घ्यायला येऊ लागल्या. शहराचा कारभार आपल्याशी बोलून चालावा, हे त्यांनी पदरात पाडून घेतलं.

आपल्या हातात आज त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. माहिती अधिकाराचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला आणि देशातला पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात पडला. महापालिकेत सोमवारी दुपारी जाऊन फायली उघडून पाहता येतात. अंदाजपत्रकात आपल्या भागातलं काम सुचवायचा फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. आणि मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेत प्रशासक होता, तेव्हा तर विचारणारे आपणच उरलो होतो. सोमवारी फायली पाहायला किती जण गेलो?

आता माझीच एक गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत पदपथ मोकळा व्हावा म्हणून आम्ही सोसायटीतल्या लोकांनी सह्यांचा कागद तयार केला. 64 सह्या झाल्या. मी खुशीत होतो. कोपऱ्यावरच्या फळवाल्या मावशींनी कागद मागून घेतला, नातवाकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि विचारलं, ‘साहेब, माझी गाडी कुठं जाणार, ते यात लिहिलंय का?’ लिहिलेलं नव्हतं. पदपथ त्यांच्या पोटाचाही आहे, हे 64 पैकी एकालाही सुचलं नव्हतं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं फेरीवाल्यांना त्यांच्याबद्दलचे निर्णय जिथं होतात त्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा दिल्यात, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तो कागद आम्ही फाडला. मावशींसकट सगळ्या गाडीवाल्यांना घेऊन दोन रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. आवाज चढले, एक जण उठून गेला, पुढच्या रविवारी परत आला. नव्या अर्जात गाड्यांची जागा आणि चालणाऱ्यांची वाट, दोन्ही मीटरमध्ये मोजून लिहिली. क्षेत्रीय कार्यालयात तो दिला, पोच घेतली. पहिली सही मावशींची आहे; देवनागरीत, हळू काढलेली, शेवटचं अक्षर ओळीच्या बाहेर गेलेलं. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. येत्या सोमवारी फाइल पाहायला आम्ही सगळे जाणार आहोत.