जाड पेटीने बिट-फ्लिप थांबत नाही

नमस्कार मंडळी! कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजांमधल्या क्यूबसॅट (छोटे घनाकृती उपग्रह) बनवणाऱ्या टीम सारखं एकच विचारतात: "अ‍ॅल्युमिनियमची पेटी किती मिलिमीटरची करू, म्हणजे रेडिएशनचं टेन्शन संपेल?"

आधी मॉडेलिंग, म्हणजे कक्षेत किती रेडिएशन लागेल त्याचा अंदाज, भराभर. स्पेनविस या ऑनलाइन टूलमध्ये कक्षा भरा, समजा उंची 500 किमी, कल 97.4 अंश. पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांत अडकलेल्या कणांची मॉडेल निवडा: प्रोटॉनला एपी-8 मिन (सौर किमान), इलेक्ट्रॉनला एई-8 मॅक्स (सौर कमाल). सौर किमान काळात, म्हणजे सूर्य शांत असताना, वरचं वातावरण आकसतं, त्यामुळे खालच्या कक्षेत प्रोटॉन जास्त टिकतात, म्हणून मिन. मग शिल्डोज-2 हे त्यातलं मॉडेल पत्र्याच्या जाडीनुसार आत साचणाऱ्या डोसचा आलेख देतं. त्यात सपाट पत्रा निवडू नका, डोस कमी दिसतो. गोलाचा मध्य घ्या. येणाऱ्या डोसवर दुपटीचं मार्जिन ठेवा.

आता मुद्दा. हा आलेख एकूण डोसचा आहे, बिट-फ्लिपचा (एकाच कणाने मेमरीतला 0 चा 1 किंवा 1 चा 0 होण्याचा) नाही!

कुणीतरी लिहिलंय, "शिरोली एमआयडीसीत 6 मिमीची पेटी सहज मिलिंग करून मिळते." मिळेल की! पण 2 मिमी पत्रा साधारण 20 एमईव्ही (कणाच्या ऊर्जेचं एकक) पर्यंतचे प्रोटॉन अडवतो, 6 मिमी साधारण 36 पर्यंतचे. दक्षिण अटलांटिकवर प्रोटॉनचा पट्टा खूप खाली येतो, तिथून जाताना शेकडो एमईव्हीचे प्रोटॉन भेटतात. त्यांना 6 काय आणि 2 काय! आणि 1यू (10 सेमी बाजूच्या) घनावर प्रत्येक जादा मिलिमीटर म्हणजे जवळपास 160 ग्रॅम.

दुसऱ्या बाजूने बघा. वेगवान प्रोटॉन सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आदळतो, त्याचे तुकडे उडतात आणि तेच तुकडे बिट उलटवतात. घाव चिपच्या आत होतो.

अजून पटत नसेल तर क्रीम-96 या मॉडेलमध्ये वैश्विक किरणांचा एलईटी (कण वाटेत चिपमध्ये किती ऊर्जा सोडतो ते) स्पेक्ट्रम 2 आणि 6 मिमीला काढा, एकावर एक ठेवा. रेषा जवळजवळ चिकटलेल्या दिसतील.

म्हणून पेटी डोसपुरती ठेवा, बाकी उपाय सर्किटमध्ये करा. मेमरीला ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारे जादा बिट) आणि ठरावीक वेळाने स्क्रबिंग, म्हणजे मेमरी वाचून चुका दुरुस्त करून परत लिहिणं. दुसरा धोका लॅच-अप: कणामुळे चिपच्या आत शॉर्टसारखी वाट उघडते आणि जास्त करंट वाहतच राहतो. चिपचा लॅच-अप उंबरठा (ज्या एलईटीपासून हे होतं तो) 15 एमईव्ही·सेमी²/मिग्रॅच्या खाली असेल, तर प्रोटॉननेही ती लॅच होऊ शकते, असं धरूनच चला. प्रत्येक रेलवर (सप्लायच्या लाइनवर) करंट-लिमिट स्विच द्या, करंट वाढला की मिलिसेकंदांत सप्लाय तोडणारा. नुसत्या रिसेटने लॅच-अप सुटत नाही. आणि सप्लाय तोडला तरी शेजारच्या बोर्डच्या सिग्नल पिनमधून चिपला करंट मिळत राहतो. त्या सिग्नल लाइनही त्याच वेळी खाली (शून्य व्होल्टला) ओढा किंवा मध्ये त्या तोडू शकणारा बफर टाका, नाहीतर लॅच तसाच राहतो आणि चिप जळते.