पर्वतीच्या पायऱ्या आणि दुखावलेल्या भावना

भल्या पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणाऱ्या पुणेकरांपैकी बरेच जण व्यायामासाठी येतात. वर पोचले की देवदेवेश्वराला हात जोडतात आणि धाप ओसरेपर्यंत शहर न्याहाळत उभे राहतात. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी दलित सत्याग्रही आणि त्यांच्या सोबतीला आलेले काही सवर्ण तरुण याच देवळात दर्शनाला निघाले, तेव्हा त्यांना दार बंद मिळाले आणि अंगावर दगड आले. त्या तरुणांत एस. एम. जोशी होते.

सत्याग्रहींनी देवाला शिवी दिली नव्हती. त्यांनी दर्शन मागितले होते, आणि विरोधकांच्या लेखी ते मागणे हाच देवाचा अवमान होता. विरोधकांच्या भावना खरोखरच दुखावल्या असतील, हे नाकारण्याचे कारण नाही; पण त्या दुखावण्याला कायद्याने किती वजन द्यावे?

त्याच्या दोनच वर्षे आधी, लाहोरमधल्या एका पुस्तिकेवरून उठलेल्या वादळानंतर, इंग्रज सरकारने भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ घातले होते; धार्मिक भावना दुखावण्यासाठी जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अपमान त्याने गुन्हा ठरवला. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, मात्र अनवधानाने किंवा दुष्ट हेतूवाचून झालेला अपमान त्यात बसत नाही, असेही बजावले. भारतीय न्याय संहितेत तेच आता कलम २९९ झाले आहे. आणखी एक तपशील सहसा कोणी सांगत नाही: भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात, याची यादी संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये आहे, तीत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, धार्मिक भावना नाहीत.

अडचण अशी की हेतू न्यायालयात तपासला जातो आणि अटक त्याच्या कितीतरी आधी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, रामलीला करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमती दाखवणारा विद्यार्थ्यांचा प्रयोग आक्षेप घेणाऱ्यांनी बंद पाडला. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. प्रयोग खटकला म्हणून नाट्यगृहाबाहेर फलक घेऊन उभे राहणे, घोषणा देणे, हेही भाषणस्वातंत्र्यच आहे, आणि भाविकांना ते पुरेपूर असले पाहिजे. चालू प्रयोगात घुसून तो थांबवणे मात्र त्यात मोडत नाही. पुढे सर्वांना जामीन मिळाला. नाटक मध्येच थांबले होते.