शंकेची पाल, रात्री पावणेतीन वाजता

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख ‘सुरक्षातज्ज्ञ’ अशी करून दिली. तज्ज्ञ कसला, टेलिफोन खात्यात 36 वर्षं काढलेला माणूस मी. मला दोनच गोष्टी कळतात. तार कुठे तुटली, आणि पलीकडे फोन उचलायला कोणी आहे का. पत्रिकेत छापलंय ‘घरासाठी देखरेखीची अलार्म यंत्रणा कशी निवडावी’. वेळ 40 मिनिटं. चहा साडेसहाला आहे, म्हणजे खरी 35.

आधी हात वर करा, घरात किंवा सोसायटीत कॅमेरा कोणाकोणाकडे आहे? सगळेच की. आता, घरात अलार्म वाजला तर तो ऐकणारा माणूस कुठे बसलेला असतो, हे कोणाला ठाऊक आहे? एकच हात. तुम्ही वॉचमनबद्दल बोलताय ना? तो बसलेला नसतो हो, आडवा असतो.

कॅमेऱ्यावर माझा राग आहे, तो एकदा ओकून टाकतो. आमच्या सोसायटीत 8 कॅमेरे. दोन वर्षांपूर्वी बी विंगमध्ये चोरी झाली. कमिटी रेकॉर्डिंग पाहायला बसली, आम्ही वीस-पंचवीस जण, वर चहा. चोर अगदी स्वच्छ दिसला. हेल्मेट घालून आला, हेल्मेट घालूनच गेला. पुण्यात लिफ्टमध्येसुद्धा हेल्मेट न काढणारा माणूस पाहिल्यावर संशय यायलाच हवा होता, पण तो पाहायला त्या वेळी जागं कोण होतं? दुसऱ्या दिवशी कमिटीनं ठराव केला, आणखी 4 कॅमेरे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, आमच्या झोप्यात तर बैल जातानाचं चित्रीकरणही होतं. कॅमेरा साक्षीदार आहे, राखणदार नाही. साक्षीदाराचं काम घटना घडून गेल्यावर सुरू होतं.

देखरेखीची यंत्रणा म्हणजे काय, तर तुमच्या घरातली खूण दूरच्या एका खोलीत पोचते आणि तिथला जागा माणूस त्यावर काहीतरी करतो. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1853 साली ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थानं दार-खिडकीच्या विजेच्या घंटेचं पेटंट घेतलं. एडविन होम्सनं ते विकत घेऊन धंदा उभारला. पुढची गोष्ट मला फार आवडते. 1877 साली बोस्टनमध्ये याच होम्सच्या अलार्मच्या तारांवर टेलिफोन जोडून पाहिले. दिवसा त्याच तारेवर लोक बोलत, रात्री तीच तार चोराची खबर देई. म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज हे चोरघंटेच्या तारेवर जन्माला आलेलं बाळ आहे! खात्यात असताना हे कळलं असतं तर बढतीच्या मुलाखतीत सांगितलं असतं.

तर आमच्या घरची गोष्ट. मुलगा न्यू जर्सीला. त्याला आमची काळजी, आणि काळजी ऑनलाइन मागवता येते. एका कंपनीची माणसं आली. दाराला चुंबकाचा सेन्सर, दिवाणखान्यात एक कॅमेरा, दोन्ही खोल्यांत वर कोपऱ्यात हालचाल टिपणारे डबे, जिन्याजवळ सायरन. एक फॉर्म आला. संपर्काचे तीन नंबर आणि एक पासवर्ड. सगळं मुलानं भरलं.

गणपतीत आम्ही दोघं गुहागरला. रात्री पावणेतीनला फोन. ‘सर, आपके घर में झोन दो में इंट्रूजन है. अपना पासवर्ड बताइए.’ मी खडबडून उठलो. झोन दोन म्हणजे आमची झोपायची खोली. मी म्हटलं, बाई, पोलिसांना कळवा! ‘सर, पहले पासवर्ड.’ मी नातवाचं नाव सांगितलं. नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा नंबर सांगितला. नाही. ‘सर, बस एक मौका और.’ तेवढ्यात पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडून, डोळे न उघडता, आमच्या सौ. म्हणाल्या, ‘मोदक.’ बरोबर निघालं! संसाराची 44 वर्षं, पण मला अजून कळलेलं नाही की तिला कसं माहीत होतं.

पुढे ऐका. बाई म्हणाली, मी तुमच्या पुढच्या संपर्काला फोन लावते. लावला, आणि सौ.चा फोन माझ्या उशाशी वाजायला लागला. दुसरा नंबर तिचा होता! एकाच खोलीत, एकाच मच्छरदाणीत, एकाच घरफोडीची बातमी कंपनीनं आम्हाला दोनदा रीतसर कळवली. तिसरा नंबर न्यू जर्सीचा. तिथे संध्याकाळचे सव्वापाच, त्यानं लगेच उचलला. ॲप उघडून म्हणतो, ‘बाबा, दिवाणखाना रिकामा आहे.’ अरे, दिवाणखान्यात कोण म्हणतंय, झोन दोन! तिथे कॅमेरा नाही, आणि झोपायच्या खोलीत नसावाच, हे माझं ठाम मत आहे. मग बाईनं मला विचारलं, ‘सर, आपके एरिया का पुलिस स्टेशन कौनसा है? उनका नंबर होगा आपके पास?’

मीच माझ्या घरापासून अडीचशे किलोमीटर दूर, आणि ती माझ्याकडे पोलिसांचा नंबर मागतेय. त्या पोरीचा दोष नाही. तिच्या पडद्यावर जे होतं ते तिनं केलं. पडद्यावर काय असावं हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या वकिलांना उठवलं. त्यांच्याकडे आमची किल्ली असते, कुंड्यांना पाणी घालायला. ते लेंगा सावरत, हातात मुलाची बॅट घेऊन गेले. सायरन कोकलतोय, मजल्यावरची सगळी दारं किलकिली, बाहेर मात्र कोणी येत नाही. वकीलसाहेबांनी दिवा लावला. डब्याच्या भिंगावर एक पाल. अगदी शांत.

आपल्याकडे शंकेची पाल चुकचुकते, आमच्याकडे पालीनंच शंका काढली. कारण साधं आहे. तो डबा उष्णतेतला फरक पाहतो. त्याच्या भिंगानं खोलीचे पट्टे पाडलेले असतात, आणि आपल्या अंगाची ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की तो जागा होतो. पाल भिंगावरच बसली की तिचं शेपूटही त्याला पहिलवानाएवढं. खोटे अलार्म हे या धंद्याचं जुनं दुखणं. अमेरिकेत शंभरात नव्वदाहून जास्त अलार्म खोटे निघतात. कंटाळून सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी 2000 साली नियमच केला की आधी कोणीतरी खात्री करा, मग आम्ही येतो.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बघा, विषयाला आत्ताच सुरुवात होत होती. भराभर सांगतो, लिहून घ्यायचं तर घ्या.

विकणाऱ्याला सेन्सर किती हे नंतर विचारा. आधी विचारा, तुमची देखरेखीची खोली कुठे आहे, तिथे रात्री किती माणसं असतात, मराठी कोणाला येतं. शक्य असेल तर जाऊन बघा. शेजारी कोणाकडे यंत्रणा असेल तर पहाटे तीनला ठरवून चाचणी करा आणि फोन यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. संपर्काच्या यादीत पहिलं नाव पाच मिनिटांत दाराशी पोचणाऱ्याचं, ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचं. मुलाचं नाव प्रेमापोटी शेवटी घाला.

आता तार, माझं क्षेत्र. खबर फक्त वायफायवरून जात असेल तर ती यंत्रणा लाइट गेली की झोपली. राउटरला बॅकअप हवा आणि यंत्रणेत स्वतःचं सिम हवं, म्हणजे एक वाट बंद तर दुसरी चालू. त्याहून महत्त्वाचं, तार कोणी कापली तर केंद्राला कळतं का? चांगली यंत्रणा ठरावीक वेळानं ‘मी आहे’ असा निरोप पाठवत राहते. निरोप थांबला की तोच अलार्म. हा निरोप दर किती मिनिटांनी जातो हे विचारा. उत्तर द्यायला माणूस अडखळला तर त्याला चहा पाजून पाठवून द्या. बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी लागते, तिचा खर्च कोणाचा?

मग येणार कोण? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खासगी अलार्म थेट पोलिसांत वाजत नाही. केरळात पोलिसांनी केल्ट्रॉन या तिथल्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबरोबर तशी सोय केली आहे. इथे कोणीतरी 112 फिरवायचा असतो. तो कंपनी फिरवणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या. पत्ता सांगताना खूण सांगावी लागते, ‘मारुतीच्या मागे’ हे परराज्यातल्या मुलीला कळणार नाही, तेही आधीच लिहून द्या. कंपनी गार्ड पाठवत असेल तर त्या एजन्सीकडे 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना हवा, तो मागून बघा. गार्ड बाहेरून बघेल, कुलूप उघडणारा तुमचाच माणूस.

खोटा अलार्म टाळायचा तर दोन सेन्सर एकापाठोपाठ जागे झाले तरच तातडीचा फोन, अशी सोय मागा. धाकाचा नंबरही मागा. कोणी गळ्याशी सुरी लावून यंत्रणा बंद करायला लावली तर तो दाबायचा. सायरन थांबतो, पण केंद्राला गुपचूप कळतं. कामवाल्या मावशींना वेगळा कोड द्या, सोडून गेल्या की तेवढाच रद्द. कॅमेरा घेणारच असाल तर कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. एप्रिल 2025 पासून सरकारनं सीसीटीव्हीला सुरक्षा-चाचणी सक्तीची केली आहे, ती झालीय का विचारा. करार किती वर्षांचा, मध्ये सोडला तर डबे कोणाचे, सायरन तरी वाजेल का? आणि सोनं घरात ठेवून अलार्म लावण्यापेक्षा लॉकरमध्ये ठेवा. तिथे चोरी झाली तर 2022 पासून बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. शंभरपट ऐकायला मोठं वाटतं, भाड्याची पावती काढा आणि गुणाकार करा.

दुसरी चिठ्ठी. चहा आला म्हणतात. नाही, ही चिठ्ठी प्रेक्षकांतून आहे. ‘पालीचं काय केलंत?’ मेकॅनिकनं डब्यामागची फट बुजवली आणि तो डबा ट्यूबलाइटपासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात नेला. पाल मात्र ट्यूबलाइटमागेच आहे. सौ. तिला ‘झोन दोन’ म्हणतात.