बडोद्याचे जुने शहर पायी पाहताना

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्याला येणारा पाहुणा स्टेशनवरून थेट लक्ष्मीविलास राजवाडा गाठतो, संध्याकाळी सयाजीबागेत एक फेरी मारतो आणि बडोदे पाहून झाले म्हणून परतीच्या गाडीत बसतो. राजवाडा देखणा आहे आणि तो अवश्य पाहावा. परंतु एके काळी तटाच्या आत वसलेले आणि आजही चार दरवाज्यांनी ओळखले जाणारे जुने शहर या पाहुण्याला भेटतच नाही. आपल्याकडे सुट्टीत कोणी येणार असेल, तर त्यांना एक सकाळ जुन्या शहरात पायी घेऊन जावे, ही विनंती करण्यासाठी मी आज बोलते आहे. पायी न्यावे, श्रोतेहो, रिक्षाने नव्हे.

पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट असे हे चार दरवाजे असून त्यांच्याकडून येणारे रस्ते मांडवीपाशी एकत्र मिळतात. मात्र सुरुवात दरवाज्याच्या बाहेर, रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यापासून करावी. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचे हे राहते घर आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या आहेत.

या वाड्याची एक हकिकत मला सांगितलीच पाहिजे. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई वाईहून आल्या होत्या. सत्तरी उलटलेल्या, गुडघे दुखत असलेल्या. त्यामुळे लाकडी जिना चढवून त्यांना वर न्यावे की नाही याचा आम्ही खालीच विचार करत उभ्या होतो, तोवर त्या कठड्याला धरून निम्मा जिना चढूनही गेल्या. वर पोहोचल्यावर मी नेहमीप्रमाणे माहिती सांगू लागले : या कृष्णलीला, ही मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई, ही युरोपीय पोशाखातली बाई. काकूंनी थोडा वेळ ऐकून घेतले आणि मग पदर सावरून त्या सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. मला वाटले, त्यांना चक्कर आली असावी. मी पाणी पुढे केले, तर त्या म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही गं. दिवाणखान्यात कधी कोणी उभं राहतं का? बैठक घालून बसणाऱ्यांसाठी काढलेली चित्रं आहेत ही. बस खाली." मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथली भिंतीवरची चित्रे त्यांनी लहानपणापासून पाहिलेली होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात जराही शंका नव्हती.

मी बसले, आणि एवढ्या वेळा पाहिलेली ती खोली मला वेगळीच दिसू लागली. उभे राहून पाहताना जी चित्रे कमरेपाशी राहून जात होती, ती आता नजरेसमोर आली. ज्यांच्याकडे मी कधी लक्षच दिले नव्हते ते कोनाडे, त्यांच्या कडेने फिरलेली वेलबुट्टी, लाकडी दारांवरचा रंग, एका बाईच्या हातातल्या बांगड्यांच्या केसाएवढ्या बारीक रेषा, हे सारे दिसू लागले. पहारेकरी जवळ आला. आता तो उठायला सांगणार असे मला वाटले. तो मात्र काही न बोलता खिडकीकडे गेला आणि मिटलेले एक दार त्याने उघडले. उजेड तिरपा आत आला आणि भिंतीवरचा तांबडा रंग एकदम खुलला. काकू त्याला म्हणाल्या, "बाबा रे, आता कसं घरात आल्यासारखं वाटतं." तो गुजराती आणि काकूंना गुजरातीचा गंध नाही; तरीही त्यानंतर तो आमच्याबरोबर प्रत्येक खोलीत आला आणि पुढे होऊन खिडक्या उघडत राहिला. तेव्हापासून पाहुण्यांना मी तिथे आधी बसवते आणि माहिती नंतर सांगते. आपणही तसेच करावे : आधी बसावे, मग पाहावे. चित्रांना हात मात्र कोणीही लावू नये. आणि आपल्या शाळा मुलांची सहल पाण्याच्या घसरगुंड्यांवर नेतात, त्या शाळांनी वर्षातून एकदा तरी मुलांना या वाड्यात आणून बसवावे, असे मला फार मनापासून वाटते.

तिथून सूरसागराच्या काठाने चालावे. जवळच संगीत महाविद्यालय आहे. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या गायनशाळेने जी परंपरा सुरू केली, ती इथे अजून चालू आहे. पुढे न्यायमंदिराची १८९६ ची भव्य इमारत लागते आणि तिच्याजवळच लहेरीपुरा दरवाजा येतो. दरवाज्यातून आत शिरल्यावर बाजाराची गर्दी अंगावर येते, तरी दुकानांच्या पाट्यांवरून नजर उचलून वरच्या मजल्यांचे कोरीव लाकडी खांब आणि सज्जे जरूर पाहावेत. या रस्त्यावर सकाळच्या वेळी तरी वाहनांना बंदी असावी, हे माझे ठाम मत आहे.

मांडवी म्हणजे चारही बाजूंना तीन-तीन कमानी असलेला मोगलकालीन चौरस मंडप. तिच्यापासून जवळच मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या सयाजीराव महाराजांनी त्यानंतर प्रजेच्या हाती पुस्तके देण्यासाठी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतले. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे, त्यामुळे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. विनंती केल्यास ती दाखवतात. विनंती जरूर करावी.

क्रम पुन्हा सांगते : तांबेकर वाडा, सूरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा, मांडवी, ग्रंथालय आणि शेवटी पाणीगेट. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी निघावे, पायांत सहज काढता येतील अशा चपला असाव्यात आणि वाटेत सेव-उसळीसाठी पोटात थोडी जागा ठेवावी. बरोबर वयस्कर मंडळी असतील, तर पाणीगेटाला पोहोचल्यावर घरी परतताना रिक्षा करायला माझी काहीच हरकत नाही. नमस्कार.