प्रिंटर ऑफलाइन आहे

नमस्कार श्रोतेहो.

मे संपता संपता दुपारी वळवाचा पाऊस येतो, नाशिकला इंदिरानगरात नाहीतर सिडकोत तासभर लाईट जाते, आणि ती परत आली की घरातला प्रिंटर छापायचं बंद करतो. वायर जागेवर आहे, कागद आहे, शाई आहे. मुलीचा अकरावीचा अर्ज आज छापून हवा आहे. आणि पडद्यावर एकच पाटी, ‘प्रिंटर ऑफलाइन’.

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे या दोन शब्दांवर माझं घर बऱ्यापैकी चालतं. खरं तर बहुतेकदा झालेलं असतं एवढंच: लाईट गेली तेव्हा वायफायचा राउटरही बंद पडला. पुन्हा सुरू होताना त्यानं प्रिंटरला नवा नंबर दिला, पण कॉम्प्युटर अजून जुन्याच नंबरावर कागद पाठवतोय. भाडेकरू खोली बदलून गेलाय आणि पोस्टमन जुन्याच दारावर थाप मारतोय, तसं. आधी राउटर, मग प्रिंटर, मग कॉम्प्युटर, या क्रमानं बंद करून चालू करा. तरी नाही झालं तर सेटिंग्जमध्ये जाऊन तो प्रिंटर काढून टाका आणि नव्यानं जोडा. मला बोलवायची गरज नाही.

पण वैतागलेला माणूस असलं काही करत नाही. तो कंपनीचं नाव आणि पुढे ‘हेल्पलाइन नंबर’ असं इंटरनेटवर शोधतो, आणि जो पहिला नंबर दिसेल तो फिरवतो. तो नंबर कंपनीचाच असेल याची काहीही खात्री नसते. पैसे भरून जाहिरात वर आणता येते. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो. ‘सर, एक छोटं अ‍ॅप टाका, पडद्यावरचा आकडा मला सांगा, मी इथूनच दुरुस्त करतो.’ आकडा सांगितला की तुमचा माऊस त्याच्या हातात. प्रिंटर सुरूही होईल कदाचित. मग दहा रुपये फी, ती नेटबँकिंगनं भरायची, आणि तुम्ही पासवर्ड टाईप करत असताना तो आरामात बघत बसलेला असतो.

अँटिव्हायरस इथं काय करणार? दार तुम्हीच उघडलं. लोक मला विचारतात, कोणता अँटिव्हायरस चांगला. मी म्हणतो, विंडोजमध्ये जो फुकट येतो तो घरासाठी पुरे आहे. तुमची चिडचिड आवरणारं काही मिळालं तर बघा. कारण या चोरांचं सगळं भांडवल म्हणजे आपला वैताग. मदतीच्या फोनचा नंबर प्रिंटरच्या खोक्यावरून नाहीतर माहितीपुस्तिकेवरून घ्यायचा, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

दुसरी कटकट उजव्या कोपऱ्यात सारखी उगवणारी चौकट: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत.’ व्हायरस बहुधा एकही नसतो. कधीतरी क्रिकेटचा सामना फुकट बघायला म्हणून एखाद्या साइटवर गेलात, तिनं नोटिफिकेशन पाठवू का असं विचारलं, आणि घाईत ‘अलाऊ’ दाबलं गेलं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स शोधा, तिथं अनोळखी नावांची यादी दिसेल, ती पुसून टाका. शांतता.

कधी अख्खा पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, खाली फोन नंबर. मायक्रोसॉफ्टनं स्वतः सांगून ठेवलंय की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरा आणि ब्राउझर बंद करा. नाहीच जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, जी यादी येईल तिच्यातून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर तो जुनी पानं परत आणू का असं विचारेल. नको म्हणा.

आता अपडेट. ऐन कामाच्या वेळी ‘बंद करू नका’ म्हणत अर्धा तास गोल फिरणारं ते चक्र पाहिलं की मलाही राग येतो. पण २०१७ सालचं आठवा. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं १२ मे रोजी जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनवर बऱ्याचदा ‘क्रॅक’, म्हणजे विकत न घेतलेलं चोरीचं, विंडोज असतं. ते चालू करणारा प्रोग्रॅम आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, आणि आपण निमूट करतोही. फुकटच्या मालाची अशी अट असेल तर निदान शंका तरी यावी.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. मशीन चालत राहतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या यंत्रात नसेल तर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मिंट टाकून बघा. पत्रं लिहायला आणि वीजबिल भरायला ते उत्तम आहे.

पासवर्ड वहीत लिहू नका असं सगळे सांगतात. मी म्हणतो, लिहा, आणि वही कपाटात ठेवा. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ते बरं. ईमेलचा पासवर्ड मात्र वेगळा आणि लांबलचक हवा, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड ईमेलमधूनच बदलता येतात. आणि ते ईमेल मुलानं पुण्याला जायच्या आधी उघडून दिलं असेल, तर त्यात कोणाचा मोबाईल नंबर टाकलाय ते आजच बघा. बंद झालेलं सिम असेल तर खातं अडकलं की सोडवणं फार अवघड जातं.

पासपोर्टच्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, केवढ्या बंदोबस्तात छापतात. आणि त्याच पासपोर्टचं स्कॅन, शेजारी आधार, पॅन, सगळं घरच्या डेस्कटॉपवर उघडं पडलेलं! निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या मशीनवर तर निर्यातीसाठी नोंदवलेल्या प्लॉटचे कागद आणि फवारणीच्या नोंदीही असतात. त्या गेल्या तर हंगाम अडचणीत. या सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर खंडणीवाला तिलाही कुलूप लावतो.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर आधी राउटर बंद करा. मग बँकेला आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम समोर लिहून ठेवा, ते विचारतात. मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू नका. तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकलेले असतात.

नमस्कार.