मुरमावरची शर्यत

(दृश्य: खारघरचा डोंगर, पहाटेचा उजेड. गाड्यांच्या टपावरून सायकली उतरवल्या जातायत.)

खारघरच्या डोंगरावरचा मुरूम सगळीकडे सारखा नाही. पावसाने चोपून बसवलेला घट्ट मुरूम चाकाला छान धरतो. त्याच्यावर साचलेला सुटा, बारीक मुरूम मात्र गोट्या पसरल्यासारखा चाकाखालून निसटतो. मुरूम संपला की उघडा काळा कातळ लागतो. तो कोरडा असेल तर डांबरी रस्त्याहून भरवशाचा, पण दव पडलेलं असेल तर त्याच्यावर ब्रेकला हातसुद्धा लावायचा नाही.

मी ऐरोलीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याचे एकावर एक साचलेले थर, हे फळ्यावर कितीतरी वर्गांना शिकवलं. या दगडाशी माझी खरी ओळख करून दिली ती सव्वादोन इंच रुंदीच्या टायरने.

(दृश्य: लाल-पांढऱ्या फिती. स्वार हँडलला नंबर बांधतायत.)

आज इथे माउंटन बाइकची शर्यत आहे. पायवाटांचं एक वेटोळं आखलंय, वळणावळणावर फिती बांधल्यात आणि त्याच वाटेच्या फेऱ्या मारायच्यात. या प्रकाराला क्रॉस-कंट्री म्हणतात. १९९६ साली अटलांटाला तो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. आपल्याकडे २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळातल्या पोनमुडीच्या डोंगरात झाली. पण या खेळाची सुरुवात हौशी लोकांनी केलीय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७६ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात, माउंट टॅमल्पाइसच्या परिसरात, काही तरुण जुन्या, एकाच गिअरच्या जड सायकली डोंगरावर न्यायचे आणि मातीच्या उतारावरून शर्यत लावायचे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात असायचा, पेडल उलटं दाबलं की लागायचा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडा, नवं ग्रीस भरा आणि परत वर चला.

आज माझ्या सायकलीला डिस्क ब्रेक आहेत, पुढे सस्पेन्शन आहे, टायर ट्यूबलेस आहेत. आत ओतलेलं सीलंट करवंदीच्या काट्याने पडलेलं भोक फिरता फिरता बुजवतं. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीच्या टायरमध्ये ८०-९० पीएसआय हवा भरतात, मी इथे २५ च्या आसपास ठेवते. कमी हवेचा टायर दगडावर उसळत नाही, दगडाच्या अंगावर बसतो.

(दृश्य: शिट्टी. घोळका सुटतो.)

सुरुवातीचा रस्ता रुंद असतो आणि पुढे एकच सायकल जाईल एवढी वाट लागते. म्हणून पुढची मुलं पहिल्या मिनिटातच जीव तोडून पळतात; एकदा वाट अरुंद झाली की ओलांडायला जागा मिळत नाही. आमचा हौशी गट मागून सुटतो. बँकेतले, आयटीतले, दुकान सांभाळणारे, साठी उलटलेले एक काका आणि आम्ही मोजक्या बायका. घरचं आवरून, डबे भरून आलेल्या.

चढ लागला की बोलणं बंद होतं. मागच्या सगळ्यात मोठ्या, ५१ दातांच्या चक्रावर साखळी चढते आणि पाय भराभर फिरतात, सायकल मात्र माणसाच्या चालीने जाते. इथे सगळा खेळ वजनाचा आहे. पुढे जास्त झुकलं की मागचं चाक मुरमात जागच्या जागी गरगरतं, मागे सरकलं की पुढचं उचलतं. सीटच्या टोकाला बसायचं, छाती खाली न्यायची, कोपरं सैल सोडायची. जोर टप्प्याटप्प्याने दिला तर चाक घसरतं, सलग दिला तर धरतं. सायकल हातात घेऊन चालणाऱ्याने बाजूला व्हायचं, हा अलिखित नियम सगळे पाळतात.

(दृश्य: डोकीवर फाट्यांचे भारे घेतलेल्या बायका वळणावर थांबल्यात.)

या वाटा शर्यतीसाठी तयार झालेल्या नाहीत. डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडीसारखे आदिवासी पाडे आहेत. खालच्या शहराच्या कितीतरी आधीपासून तिथली माणसं याच अंगाने चढत-उतरत आलीत. खालची नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधी खाली भातखाचरं होती, मिठागरं होती. म्हणून वळणावर भारा घेतलेली मावशी दिसली की आमच्यातला प्रत्येक जण ब्रेक लावतो, शर्यत असली तरी. "दमानं जा गं बाय," ती म्हणते. मान हलवण्यापुरताच श्वास उरलेला असतो.

वर पोचल्यावर शर्यतीत नजर उचलायला सवड नसते, पण सरावाला येते तेव्हा मी इथे हमखास थांबते. समोर बेलापूर, पनवेलची खाडी, पलीकडे नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी. तिथे उलव्याची टेकडी होती, ९० मीटरच्या आसपास उंच. ती कापून जमीन सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. पारसिकच्या डोंगराचे दगडखाणींनी वर्षानुवर्षं लचके तोडले, त्याच्या उघड्या पडलेल्या कडा आजही दिसतात. मी ज्या इमारतीत राहते तिच्या काँक्रीटमध्येही असल्याच कुठल्यातरी डोंगराची खडी असणार. हे कळल्यापासून उरलेल्या डोंगरावर चाक कसं फिरवायचं, याचा मी जास्त विचार करायला लागले.

(दृश्य: हेल्मेटवरचा कॅमेरा. उतार सुरू.)

आता उतार. पेडल एका पातळीत, त्यांच्यावर उभं राहायचं, टाचा खाली, गुडघे-कोपरं वाकलेली, दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट. सायकलला खाली नाचू द्यायचं, आपण वर शांत राहायचं. आणि नजर लांब ठेवायची. चाकासमोरच्या दगडाकडे पाहिलं की चाक त्याच दगडाकडे जातं, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून वळणात शिरतानाच वळणाच्या बाहेरची वाट डोळ्यांनी धरायची.

ब्रेकचं शास्त्र मी वर्गातही सांगते. फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जमिनीवर स्थिर असतो, म्हणजे तिथे स्थितिक घर्षण काम करतं. ब्रेक करकचून दाबला, चाक फिरायचं थांबलं, की ते घासत जातं. आता असतं ते गतिक घर्षण, आणि ते सहसा कमी भरतं. पुढचं चाक असं अडकलं की सायकल वळायचीच थांबते. त्यामुळे वेग वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यात कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. भीती वाटत असताना बोट सैल सोडणं, हौशी स्वाराला याहून अवघड काही नसावं. शरीर सगळ्या ताकदीने उलटं सांगत असतं.

आणि इथेच डोंगराचा प्रश्न येतो. घासत गेलेलं मागचं चाक मुरमात चर काढून जातं. एका सायकलीचा चर काहीच नसतो, पण जूनमध्ये पाऊस आला की पाणी त्याच चरातून धावतं, माती धुऊन नेतं, आणि ऑक्टोबरात तिथे घोट्याएवढी घळ तयार असते. मग स्वार घळ टाळून बाजूच्या गवतातून जातात, वाट रुंदावते, तीही उघडी पडते. फिरत राहिलेलं चाक जास्त वेगाने खाली पोचतं आणि मातीही जाग्यावर ठेवतं. या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

(दृश्य: पुढची फेरी. फीड झोनमध्ये बाटली हातात दिली जाते.)

पुढची फेरी तळहातांची असते. पाय अजून चालतात, पण पंजे आखडलेले असतात, ब्रेकची बोटं वळत नाहीत. ऊन चढलंय, दव सुकलंय, मघाचा निसरडा कातळ आता भरवशाचा झालाय. माझा नवरा वळणाच्या आधी उभा आहे. बाटली देताना तो दोन पावलं सोबत पळतो, म्हणजे मला थांबावं लागत नाही.

मागून हाक येते, "राईट, राईट!" आघाडीचा मुलगा मला एका फेरीने गाठून पुढे निघालाय. मी डावीकडे सरते. कातळाची पायरी तो न थबकता उतरतो, चाकांचा जेमतेम आवाज येतो. पुढच्या वळणात तो कुठून शिरला ते मी नीट पाहून ठेवते. बाहेरच्या कडेने, मुरूम घट्ट होता तिथून. मीही तिथूनच जाते, आणि त्या वळणात ब्रेक लागत नाही. पहिल्यांदाच.

(दृश्य: फिनिश. धुळीने माखलेले चेहरे, पोह्यांच्या बशा.)

निकालाच्या यादीत मी मधे कुठेतरी आहे. काकांनीही शर्यत पूर्ण केलीय, आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्यात. बक्षिसं वाटून होईपर्यंत पाड्यावरची दोन मुलं माझी सायकल आळीपाळीने फिरवून आणतात. त्यांना गिअर दाखवावे लागत नाहीत, दोन मिनिटांत ती शिकतात.

(दृश्य: पहार, घमेली, फावडी.)

शर्यतीनंतरच्या रविवारी आम्ही परत येतो, सायकली खाली ठेवून. उतारावर जिथे चाकं घासली तिथे चर भरायचे असतात. वाटेला आडवी, जराशी तिरकी, दगडांची ओळ बसवायची. म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून न धावता कडेच्या गवतात उतरतं. दगड कुठला उचलायचा आणि कुठला हलवायचा नाही, हे पाड्यावरचे दादा सांगतात. पाणी कुठून येतं हे त्यांना पाठ आहे. तिसऱ्या वळणावरची घळ अजून बाकी आहे, तिथे जास्त हात लागतील. येणाऱ्यांनी हातमोजे आणि पाणी स्वतःचं आणावं. पहारी आमच्याकडे आहेत, घमेली कमी पडतात.