सरकार दारापर्यंत कशावरून येते?

[दृश्य : मांडवी पूल. सकाळची रहदारी.]

सकाळचे साडेनऊ. पणजीहून मांडवी ओलांडून पर्वरीला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली आहे. त्यातली ती पांढरी गाडी बघा. नंबरप्लेटवर जीए ०७ आणि त्यापुढे एकटे 'जी'. गोव्यात हे अक्षर दिसले की समजायचे, गाडी सरकारची आहे. तिचे डिझेल, तिचे टायर, ती चालवणाऱ्याचा पगार, सगळे तुमच्या-आमच्या करातून येते. मग ती आज कुठे निघाली आहे, कुणाला घेऊन आणि कशासाठी, हे विचारण्याचा हक्कही आपलाच. तोच प्रश्न घेऊन आपण गोव्यात फिरणार आहोत.

[दृश्य : जुने गोवे, नदीकाठची कमान.]

पोर्तुगीज अमलात राज्यकर्ता गोव्यात यायचा तो नदीवरून. नवा व्हाइसरॉय मांडवीतून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरायचा आणि या कमानीखालून शहरात शिरायचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रांसिस्को द गामा याने ही कमान बांधली आणि तिच्यावर आपल्या पणजोबाचा, वास्को द गामाचा, पुतळा बसवला. जमिनीवर उतरले की माचील, म्हणजे पालखीसारखे वाहन, असायची. आत बसणारा एक, ती खांद्यावर घेणारे भोई दोन नाहीतर चार. बाणावलीच्या गोवा चक्र संग्रहालयात जुन्या गाड्या, छकडे, पालख्या जपून ठेवल्या आहेत. तिथे गेलात तर खांद्यावर येणारा दांडा जवळून बघा. सरकारी प्रवासाचा भार त्या काळी अक्षरशः कुणाच्या तरी खांद्यावर होता.

पुढे रस्ते झाले. पणजी आणि रायबंदर जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी पूल १६३३-३४ मधला, आणि त्याच्यावरून आजही वाहतूक चालते. मोटारी आल्या तेव्हा एक गंमत झाली. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, गोवा मात्र शेजारच्या मुलखासारखा डावीकडूनच चालत राहिला. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भारतीय जीपगाड्या इथल्या रस्त्यांवर आल्या, तेव्हा कुणाला बाजू बदलावी लागली नाही.

[दृश्य : बेती धक्का. फेरीबोट लागते आहे, फळी खाली येते.]

तरीही गोव्यातल्या सरकारची नदीवरून सुटका झाली नव्हती. हे सगळ्यात ठळक दिसले १९८६ मध्ये. ५ जुलैला, भर पावसाळ्यात, मांडवीवरचा पूल कोसळला. पूल उघडून तेव्हा पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. सचिवालय पणजीत, आदिलशाही राजवाड्यात. बार्देश, पेडणे, डिचोलीकडची माणसे नदीच्या पलीकडे. पणजी आणि बेती यांच्यामध्ये पुन्हा फेरीबोट हाच जवळचा मार्ग झाला. कुठल्याही पदावरच्या माणसाची गाडी असली तरी बोटीत जागा मर्यादित आणि भरती-ओहोटी सगळ्यांना सारखीच. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना हेही आठवत असेल की तेव्हा सरकार आणि जनता एकाच धक्क्यावर ताटकळत उभी होती. मला वाटते, राज्यकर्त्यांना रस्त्याची खरी अवस्था कळायची असेल तर त्यांनी अधूनमधून असे रांगेत उभे राहायलाच हवे.

पुढे विधानसभा आणि सचिवालय पर्वरीला गेले. संचालनालये, खाती मात्र बरीचशी पणजीतच राहिली. काही पाटोवर, काही जुन्ता हाउसमध्ये, काही आल्तिनोच्या चढावर. राज्याचा कारभार नदीच्या दोन काठांवर वाटला गेला आणि मधला पूल जणू सचिवालयाचा व्हरांडा झाला. फाईल या काठाची, सही त्या काठाची. सकाळच्या रांगेतल्या किती गाड्या केवळ या वाटणीमुळे पुलावर आहेत, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

[दृश्य : स्कूटरच्या हँडलवरचे हात. गजबजलेला रस्ता.]

सरकारी वाहनाविषयी बोलताना गोव्यात एका स्कूटरची आठवण निघतेच. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना स्कूटरवरून फिरत. हा माणूस आपल्यासारखाच रस्त्याचे खड्डे चुकवत जातो, ही गोष्ट लोकांच्या मनात खोल बसली. नंतरच्या वर्षांत ते स्कूटर चालवत नसत, आणि त्याचे कारणही ते मोकळेपणी सांगायचे. डोक्यात कामाचे विचार असतात, लक्ष दुसरीकडे गेले तर अपघात होईल. मला हे कारण स्कूटरइतकेच मोलाचे वाटते. साधेपणा हवा, तो दुसऱ्याच्या जिवावर बेतता कामा नये.

मंत्र्यांच्या गाडीची शान आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १ मे २०१७ पासून देशभर लाल दिवे उतरले. मुख्यमंत्र्यांचा गेला, मंत्र्यांचा गेला, सगळ्यांचाच गेला. दिवा राहिला तो रुग्णवाहिका, अग्निशामक दल, पोलीस अशा तातडीच्या सेवांना. बॉनेटवरचा तिरंगा मात्र अजून आहे. ध्वजसंहितेप्रमाणे तो लावायचा मान ठरावीक पदांनाच आहे, आणि तोही ती व्यक्ती गाडीत असेल तेव्हाच. साहेब उतरले, गाडी रिकामी परत चालली, तर ध्वज झाकलेला हवा. गोव्यात मुख्यमंत्री धरून मंत्री जास्तीत जास्त बारा. तेव्हा पुढच्या वेळी अशी गाडी दिसली तर आत कोण आहे तेही बघा.

[दृश्य : टेबलावर उघडलेली, कोपरे दुमडलेली वही. कॅमेरा रकान्यांवरून सरकतो.]

आता या वहीकडे या. सगळ्या सरकारी गाड्यांचे खरे तोंड इथे आहे. हिला लॉगबुक म्हणतात. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ड्रायव्हरच्या सीटमागच्या खिशात ती पडलेली असते. रकाने बघा. तारीख. कुठून निघाली, कुठे गेली. निघतानाचा मीटर, पोचल्यावरचा मीटर. एकूण किलोमीटर. कामाचे स्वरूप. वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही. मध्येच तेल भरल्याची नोंद, लिटरसकट. महिना संपला की गोषवारा काढायचा, इतके किलोमीटर, इतके लिटर, म्हणजे लिटरमागे इतके. एखाद्या महिन्यात हा आकडा एकदम घसरला तर गाडीत बिघाड आहे किंवा नोंदीत. दोन्हींची चौकशी व्हायला हवी.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना कामाच्या स्वरूपाचा. तिथे 'सत्तरी तालुका, पुराच्या नुकसानीची पाहणी' असे लिहिले असेल तर कुणालाही कळते. 'सरकारी काम' एवढेच लिहिले असेल तर काहीच कळत नाही. घरातून कार्यालयात जाणे-येणे, मुलांना शाळेत सोडणे, बाजार, लग्न, ही सरकारी कामे नव्हेत. केंद्राच्या स्टाफ कार नियमांत कामाचा प्रवास आणि खासगी प्रवास वेगळा दाखवायचा असतो, आणि खासगी वापराला जिथे मुभा आहे तिथे त्याचे पैसे भरायचे असतात. या वहीत प्रामाणिक नोंद करणारे ड्रायव्हर आणि कारकून आपल्या पैशाची राखण करतात. त्यांचे नाव कधी कुठे येत नाही, म्हणून इथे आवर्जून म्हणतो.

निवडणूक लागली की या वहीची किंमत आणखी वाढते. आचारसंहितेत सरकारी गाडी प्रचाराला नेता येत नाही. सरकारी दौरा आणि प्रचाराचा दौरा एकत्र करता येत नाही. कुणी विचारले तर गाडी त्या दिवशी कुठे होती, याचे उत्तर याच पानावर.

[दृश्य : कुंपणाआड गवतात उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या.]

या जुन्या गाड्यांसाठीही नियम आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीची खास वाहने तेवढी वगळली आहेत. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा तसाही लवकर जातो.

मग नवे काय घ्यायचे? जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी पणजीत जाहीर केले की जानेवारी २०२४ पासून राज्य सरकारची नवी वाहने इलेक्ट्रिक असतील. हा विचार गोव्याला शोभतो, आणि त्याचे कारण नकाशातच आहे. राज्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर. पणजीहून पत्रादेवी घ्या, पोळे घ्या, मोले घ्या, कुठलेही टोक शंभर किलोमीटरच्या आत. जाऊन येऊन होणारे अंतर आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींना एका चार्जिंगमध्ये झेपते. मोठ्या राज्यातल्या जिल्हाधिकाऱ्याला जी अडचण येईल, ती आपल्या मामलेदाराला येणार नाही. रात्री गाडी कार्यालयाच्या आवारात उभीच असते, तिथे चार्जिंगची सोय केली की झाले. चोर्ला घाटातल्या सुर्लासारख्या गावी पावसाळ्यात जाणाऱ्या वन खात्याला दणकट जीप लागेलच. तिथे हट्ट नको. पण पाटोहून पणजीतल्याच अठरा जून रस्त्यावर जाणाऱ्या साहेबाला डिझेलची मोठी गाडी कशाला हवी?

[दृश्य : पणजी, नदीकाठचे मुख्य टपाल कार्यालय.]

आणि आता सगळ्यात साधे वाहन. पणजीचे हे टपाल कार्यालय म्हणजे एकेकाळची तंबाखूच्या व्यापाराची इमारत. सरकारी कामासाठी सायकलवरून फिरणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर पोस्टमनच येतो. त्याची सायकल एकदा नीट बघा. काळा रंग, हँडलला लटकणारी पिशवी, मागच्या कॅरिअरवर दोरीने बांधलेली पार्सले, त्यांच्यावर प्लास्टिकचा कागद. सायकल स्टँडवर लावली की पुढचे चाक ओझ्याने वळते, म्हणून तो ती भिंतीला टेकवतो. पावसाळ्यात साखळीला तांबडी माती बसते, ब्रेकचे रबर महिन्या-दोन महिन्यांत गुळगुळीत होते. गोव्यातले वाडे चढ-उताराचे, त्यामुळे अर्धी वाट सायकल हाताने ढकलायची. दिवाडी बेटावर जायचे तर ती फेरीत चढवायची.

या सायकलीचा हिशेबही सरकारी कागदांत आहे. सायकल भत्ता महिन्याला ९० रुपये होता. सातव्या वेतन आयोगाने तो बंदच करावा अशी शिफारस केली होती. केंद्राने ती मानली नाही. २०१७ मध्ये पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी भत्ता दुप्पट करून १८० रुपये केला. म्हणजे दिवसाला सहा रुपये. त्याआधी २००८ मध्ये केंद्राने सायकलवरून किंवा पायी केलेल्या सरकारी प्रवासाचा दर किलोमीटरला ६० पैशांवरून १ रुपया २० पैसे केला होता. सायकल आणि पाय, दोन्ही एकाच ओळीत, एकाच दरात. मोटारीवर होणारा खर्च लाखांत मोजला जातो आणि इथे पैशांचा हिशेब. याच सहा रुपयांवर पेन्शनचे पत्र, कोर्टाची नोटीस, नोकरीचा कॉल म्हाताऱ्या आईच्या हातात पडत आला आहे. सरकार दारापर्यंत येते म्हणतात ते हेच.

आज बरेच पोस्टमन स्वतःची स्कूटर चालवतात आणि ते योग्यही आहे. चढावर माणसाने का दमावे? पण राजधानीच्या सपाट भागात, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टपाल बुक घेऊन जाणाऱ्या शिपायाला सायकल किंवा साधी इलेक्ट्रिक स्कूटर पुरते. पाटोवरून जुन्ता हाउसला पोचायला मोटारीपेक्षा ती लवकरच पोचेल, कारण मोटारीला पार्किंग शोधावे लागते. प्रत्येक कार्यालयात अशा दोन-तीन ठेवल्या तर कितीतरी फेऱ्या वाचतील. आणि त्यांचेही लॉगबुक ठेवावे.

[दृश्य : पुन्हा वही. एक हात पान उलटतो.]

ही वही तुम्ही स्वतः बघू शकता. माहितीचा अधिकार देशाला २००५ मध्ये मिळाला, गोव्याने मात्र आपला कायदा १९९७ मध्येच केला होता. या बाबतीत आपण पुढे होतो. अर्ज खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. वाहनाचा पूर्ण क्रमांक लिहा. एकच महिना निवडा. मोघम 'सर्व वाहनांची सर्व माहिती' मागू नका, तशा अर्जाचे उत्तर रखडते. त्या महिन्याचे लॉगबुक, मासिक गोषवारा आणि तेलाची बिले, या तीन गोष्टी प्रत्यक्ष बघायच्या आहेत असे लिहा. सुरक्षेशी संबंधित वाहनाचा तपशील नाकारला जाऊ शकतो, बाकीच्या गाड्यांसाठी तीस दिवसांत उत्तर यायला हवे. वही समोर आली की आधी किलोमीटरकडे जाऊ नका. कामाच्या स्वरूपाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा, मग शनिवार-रविवारच्या तारखा शोधा, आणि त्यांच्यापुढे सही कुणाची आहे ते बघा.